होडी लई आपटते, स्प्रिंगची सीट घेऊ का?

पत्र: "ताई, मी बेलापूरजवळच्या दिवाळ्याचा. आमची १८ फुटी फायबरची होडी आहे, बूड जवळपास सपाट, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. सकाळी जाळं टाकायला जातो तेव्हा काही त्रास नाय, पण दुपारी खाडीच्या तोंडाला आलो की होडी अशी आपटते की दात वाजतात. बाबा आयुष्यभर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसत आलेत, आता कंबर धरलीय, एमआरआयमध्ये गादी सरकलीय असं आलं, तरी येतातच. एक मित्र बोलतो बुडाला रबर मार, दुसरा बोलतो पुढे वाळूच्या गोणी टाक. मी नेटवर स्प्रिंगच्या सीट बघितल्या, किंमत बघून घाम फुटला. सुट्टीला ओळखीचे पाहुणे येतात, त्यांना फ्लेमिंगो दाखवायला नेतो, मागच्या वेळी एक काकू रडायलाच आल्या. सीट घेऊ का?"

भावा, सीट आत्ता घेऊ नकोस. पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगते, पण आधी तुझंच पत्र परत वाच, कारण अर्धं उत्तर तूच लिहिलंयस आणि लिहून तसाच पुढे गेलास. सकाळी त्रास नाय, दुपारी दात वाजतात. होडी तीच, बूड तेच, बाबा तिथेच बसलेले, मग फरक कशाचा? वाऱ्याचा आणि पाण्याचा.

तुमच्या खाडीच्या तोंडाशी काय होतं बघ. पावसाळा सोडला तर आपल्याकडे बाराच्या आसपास समुद्रावरचा वारा सुटतो, पश्चिमेचा-वायव्येचा, आणि तीन-चारला तो फुल जोरात असतो. पनवेलची खाडी येते पूर्वेकडून आणि बेलापूर-दिवाळ्यापाशी पश्चिमेला मोठ्या पाण्यात उतरते. म्हणजे ओहोटीचं पाणी जातं सरळ त्या वाऱ्याच्या तोंडावर. वारा एकीकडून ढकलतोय आणि पाणी उलटं वाहतंय असं झालं की लाट आखडते, उंच होते, तिची तोंडाकडची बाजू उभी होते, आणि त्यात तिथे पाणी उथळ, तेवढ्याच वाऱ्याला बाहेर खोल पाण्यात जी लाट अंगावरून निघून गेली असती तीच इथे भिंतीसारखी समोर येते. वारा आणि पाणी एका दिशेला असतील तर तोच वारा निम्मासुद्धा त्रास देत नाही.

आता यात उधाणाचं गणित घाल. पुनव-अवसेला मुंबईत भरती भरते दुपारी बारा-एकच्या सुमाराला. मग ओहोटी लागते ती संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत, आणि उधाणाची ओहोटी म्हणजे पाण्याची ओढ सगळ्यात जास्त, त्यातही मधल्या दोन तासांत म्हणजे तीन ते पाच. वारा कधी फुल जोरात? तीन-चारला. दोन्ही एकाच वेळेला गाठ घालतात आणि तू बरोबर तेव्हा पाहुणे घेऊन परत येत असतोस किंवा त्यांना दाखवायला निघालेला असतोस. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात तेव्हा उलट, भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे बारा ते सहा पाणी आत येतंय, वारा पण आत येतोय, दोघांचं जमतं, आणि ओढही कमी. तुझ्या बाबांना हे माहीत नाही असं होणारच नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे त्यांना कुणी मोबाइलवर शिकवलेलं नाही. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत ऐरोली-ठाण्याकडे भरती अजून उशिरा पोचते, पण सुट्टीची ट्रिप कधी ठेवायची ते ठरवायला एवढं भरपूर झालं.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. सुट्टीच्या ट्रिपा तारखेवर नको ठेवू, तिथी आणि भरती बघून ठेव. उधाणाच्या दिवसांत पहाटे पाणी आटलेलं असतं, चिखल उघडा, तेव्हा आठ-नऊच्या सुमाराला पाणी चढलं की निघ आणि एकच्या आत जेट्टीला लाग. भांगाला दुपारी गेलास तरी चालेल, फक्त तेव्हा बाराच्या आसपास पाणी कमी असतं हे लक्षात ठेव. आणि निघायच्या आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) लहान बोटींसाठीचा इशारा आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघायची सवय लाव, बाबा हसतील, हसू दे. पाहुण्यांनी "आम्ही तीन वाजताच येणार" असा हट्ट धरला तर सांग काका मग त्या काकूंना विचारा.

(वायव्येचा वारा मुख्य ठाणे खाडीत, वाशी पुलाच्या वर वगैरे, बराचसा आडवा लागतो. तिथे आपटण्यापेक्षा डोलणं जास्त. तिवरांच्या कडेकडेने वाऱ्याच्या आडोशाला चाललास तर पाणी बऱ्यापैकी शांत मिळतं, फक्त ओहोटीत चिखलात बसणार नाहीस एवढं बघ. अटल सेतूच्या खांबांजवळून जाताना मात्र पाणी खांबांमध्ये जोर धरतं आणि मागे भोवरे करतं, तिथे लाट कुठूनही येते, हळू जा आणि खांबापासून लांब रहा.)

आता बुडाबद्दल. सपाट बूड आपटतं का हे बघायचं असेल तर घरी बादलीत पाणी घे, तळहात सपाट धरून पाण्यावर मार, आणि मग हात उभा करून बोटांच्या कडेने मार. संपलं, नौकानयनाचा कोर्स झाला. सपाट बुडाखालचं सगळं पाणी एकाच क्षणी बाजूला व्हायला बघतं आणि होऊ शकत नाही, तो धक्का सरळ वर होडीत येतो. व्ही आकाराचं बूड पाण्यात हळूहळू घुसतं, तेवढाच धक्का जास्त वेळात वाटला जातो. १९६० साली अमेरिकेतलं मायामी ते बहामातलं नासाऊ अशी पॉवरबोटींची शर्यत झाली, समुद्र खवळलेला, त्यात रे हंट नावाच्या डिझायनरने काढलेली खोल व्ही बुडाची 'मॉपी' नावाची बोट बाकीच्यांना मागे टाकून पहिली आली, आणि तिथून पुढे जगभरात स्पीडबोटींची बुडं बदलली. त्या बुडाचा कोन अगदी मागच्या टोकापर्यंत २४ अंशांच्या आसपास ठेवलेला होता. तुझ्या होडीत मागे तो बहुतेक पाच अंशसुद्धा नसेल.

पण म्हणून तुझ्या होडीला नावं ठेवायला जाऊ नकोस. खोल व्ही बूड जागेवर उभं असताना डुलतं, जाळं ओढताना दोघं एका बाजूला आले की कलतं, त्याला पाणी जास्त खोल लागतं आणि तेवढ्याच स्पीडला इंजिन मोठं लागतं, पेट्रोल जास्त पितं. दिवाळ्याच्या चिखलात, दोन फूट पाण्यात, जाळं काढायला सपाट बूडच पाहिजे. होडी तिच्या कामाला बरोबर आहे, दुपारी उधाणाच्या ओहोटीत १५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पाहुणे पळवायचं काम तिचं नाही.

स्पीडचं बघू. साधा आकडा: खाडीच्या तोंडाशी दर तीन सेकंदाला लाट येतेय असं धर (होडी उभी करून मोज, मोबाइलचं स्टॉपवॉच आहे). तीन सेकंदाची लाट साधारण १४ मीटर लांब असते, शेंड्यापासून शेंड्यापर्यंत, आणि ती स्वतः ९ नॉटने पुढे पळते. उथळ पाण्यात आणि ओहोटीत ती अजून आखूड. तू १५ नॉटने तिच्या समोर गेलास की दर सव्वा सेकंदाच्या आत एक फटका. ६ नॉटने गेलास तर पावणेदोन सेकंदाला एक. हे फक्त फटक्यांच्या संख्येचं झालं. फटक्याचा जोर साधारण स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे होडी पाण्यावर पडायचा वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो. खराब पट्टा दोन सागरी मैलांचा असेल तर १५ नॉटला आठ मिनिटं, ६ नॉटला वीस. बारा मिनिटांचा हिशोब आहे. बाबांच्या गादीसाठी बारा मिनिटं.

पण इथे एक गोम आहे, कुणी नुसतं "हळू चालव" म्हणालं की माणूस चिडतो त्याचं कारण हेच. १८ फुटी होडी साडेपाच नॉटपर्यंत पाणी कापत आरामात जाते. त्याच्या वर गेलास की ती स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते, नाळ वर, मागचा भाग खाली, पुढचं दिसत नाही, इंजिन ओरडतंय, पेट्रोल जातंय, आणि ७ ते १० नॉट हा सगळा पट्टाच असा घाण आहे. मग होडी एकदाची उचलली की पाण्यावर धावते. तर तुझ्यापुढे दोनच चांगल्या जागा आहेत: एकतर पाच-सहा नॉट, नाहीतर होडी उचललेली राहील असा कमीत कमी स्पीड, तुझ्या सपाट बुडाला तो ११-१२ नॉटला सुद्धा मिळेल. तो स्पीड कुठे आहे ते शांत पाण्यात शोध, आधी उचल, मग थ्रॉटल हळूहळू कमी करत जा, कुठल्या पॉइंटला ती बसते ते बघ. लाट फूटभर असेल तर त्या स्पीडने जा, त्याच्या वर गेली तर सरळ पाच-सहा नॉटवर ये आणि गप्पा मारत ये.

आणि थ्रॉटल एका जागी ठेवून बसू नकोस. लाट चढताना थोडा दे, शेंड्याच्या जरा आधी सोड म्हणजे होडी उडणार नाही, खोलगटात परत थोडा दे म्हणजे नाळ उचलेल. पंखा हवेत जाऊन इंजिन किंचाळलं की समज तू उशिरा सोडलास. हे हाताला लागायला वेळ लागतो पण तू रोज जातोस, पंधरवड्यात लागेल. थ्रॉटल एकदम मात्र बंद करू नकोस कधी, विशेषतः होडी उचललेली असताना, कारण तुझीच मागची लाट मागून येते आणि ट्रान्समवरून, म्हणजे इंजिन लागतं त्या मागच्या भिंतीवरून, आत पडते, लहान आउटबोर्डच्या होड्यांत ट्रान्सम कापलेलं बुटकं असतं.

लाट समोरून उरावर घेऊ नको. तीस-पंचेचाळीस अंशात घे, थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, नागमोडी. पंचेचाळीस अंशात गेलास की १४ मीटरची तीच लाट तुझ्या वाटेवर २० मीटरची होते, रस्ता वाढतो पण नाळ वर-खाली व्हायला वेळ मिळतो, आणि सपाट बुडाच्या होडीला याचा अजून एक फायदा असा की ती जरा कलून लाटेत जाते, मग सपाट तळाऐवजी बुडाची कड आधी पाण्यात शिरते. तीच बादलीतली उभ्या हाताची गोष्ट. लाट पूर्ण आडवी मात्र येऊ देऊ नको, भरलेल्या होडीत तर नाहीच.

परत येताना मागून लाट असेल तर सगळं उलटं. तिथे मऊ वाटतं म्हणून माणूस पळवतो, लाटेच्या शेंड्यावरून खाली घसरतो, नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि होडी गपकन आडवी फिरते. उलटायचे प्रकार असेच होतात. मागून लाट असताना एका लाटेच्या पाठीवर बस आणि तिच्याच स्पीडने ये, तिला मागे टाकायला जाऊ नको. वजन मागे, नाळ हलकी.

यावरूनच दुसऱ्या मित्राच्या वाळूच्या गोणींचं उत्तर. त्याच्या डोक्यात जे आहे ते पूर्ण चुकीचं नाही, होडी जड असली की कमी उडते आणि नाळ खाली असली की पुढचा टोकदार भाग लाट कापतो, हे खरं आहे. पण गोण सरकते. ओली झाली की अजून जड होते. समोरच्या लाटेला बरं वाटेल आणि परत येताना त्याच गोणी नाळ लाटेत घालतील, आणि तेव्हा नाळेवर जाऊन कोण उचलणार त्या? नको. नाळ खाली पाहिजे तर त्यासाठी इंजिनाची पिन आहे. तुझ्या आउटबोर्डच्या ब्रॅकेटला चार-पाच भोकं असतील, त्यातली पिन ट्रान्समच्या जवळच्या भोकात घातली की पंख्याचा पाय आत येतो आणि नाळ खाली बसते, लांबच्या भोकात घातली की नाळ वर. इंजिन बंद करून, जेट्टीला असताना बदलायची, चालू असताना नाही. बहुतेक जणांनी इंजिन घेतलं त्या दिवशी जिथे मेकॅनिकने पिन घातली तिथेच ती गंजून बसलेली असते. डब्ल्यूडी-फॉर्टी मार, काढ, एक भोक आत घालून बघ. पेट्रोलची टाकी, बर्फाची पेटी, नांगर, या जड वस्तू पण मधोमध आणि खाली ठेव, बांधून ठेव. नांगर नाळेवर ठेवायची सवय असते सगळ्यांना, दोर नाळेला बांधलेला असू दे, वजन मध्ये आण.

रबरवाला मित्र मात्र चहाच्या टपरीवरच बरा. बुडाला रबर मारून पाण्याचा धक्का कमी होत नाही, कारण पाणी एका खिळ्यासारखं एका जागी लागत नाही, अख्ख्या तळाला एकदम लागतं. वर रबराच्या मागे खारं पाणी अडकणार, स्पीड कमी, पेट्रोल जास्त. रबराची पट्टी जेट्टीला घासू नये म्हणून बाजूला लावतात, तेवढीच.

आता बाबा. त्यांची जागा बदल, आजच. लाटेत होडी जिच्याभोवती वर-खाली होते ती जागा मधोमधच्या जरा मागे असते, मागच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. तिथे हालचाल सगळ्यात कमी. नाळेवर धक्का त्याच्या कितीतरी पट. बाबा आयुष्यभर बसले ते बरोबर सगळ्यात वाईट जागेवर, कारण तिथून पाणी दिसतं, बोये दिसतात, मला कळतं, पण पाणी बघायचं काम आता तू कर. त्यांना इंजिनाच्या पुढच्या फळीवर बसव, तोंड पुढे, हाताला धरायला काहीतरी घट्ट, आणि आडवं बसवू नकोस, पाय लांब पसरून खाली तर अजिबात नको, त्यात धक्का सरळ माकडहाडातून मणक्यात जातो. बाजूच्या काठावर पाहुणे पण बसवायचे नाहीत.

उभं राहणं बसण्यापेक्षा चांगलं, गुडघे वाकवून, हाताने धरून, पण ते तुझ्यासाठी, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नाही. पायाखाली काय आहे ते पण बघ, उघड्या फायबरवर उभा असशील तर गोठ्यात म्हशींखाली टाकतात ती जाड रबरी मॅट कापून टाक. स्वस्त, मिठाच्या पाण्याला दाद देत नाही, निसरडी होत नाही, आणि दिवसभर उभ्या माणसाच्या टाचांना पहिल्या दिवशी फरक कळतो. मी तर म्हणेन खर्चातला पहिला खर्च हाच.

दुसरा खर्च बाबांच्या फळीवर. सोफ्याचा मऊ स्पंज घेऊ नकोस, तो फटक्याला पूर्ण दबून जातो आणि मग खाली फळीच लागते, तीही जास्त वेगाने. पाणी न पिणारा ईव्हीए फोम घे, जिमच्या नाहीतर लहान मुलांच्या खेळायच्या चटया असतात त्याच जातीचा पण जाड, खाली घट्ट थर, वर जरा मऊ थर, मिळून चार इंच, त्यावर रेक्झिन. ठाण्यात-वाशीत गाड्यांच्या सीट शिवणारे आहेत, माप दिलंस की शिवून देतील. धागा नायलॉनचा, स्टेपलच्या पिना स्टेनलेस स्टीलच्या, नाहीतर दोन महिन्यांत गंजाचे डाग.

आणि मग तुझी स्प्रिंगची सीट. चांगली सस्पेन्शन सीट खरंच काम करते, रेस्क्यू बोटींवर आणि नेव्हीच्या बोटींवर उगाच नाही लावत. पण तिच्यात स्प्रिंगबरोबर धक्का जिरवणारा डॅम्पर लागतो, बसणाऱ्याच्या वजनाला ती सेट करावी लागते, खाली-वर जायला पुरेशी जागा लागते, आणि खाली भक्कम पाया लागतो, तुझ्या होडीतल्या पातळ फायबरवर चार बोल्ट मारून ती बसवलीस तर पहिल्या सीझनला बोल्ट फायबर फाडून वर येतील. नेटवर स्वस्तात ज्या दिसतात त्यात बऱ्याचदा नुसती स्प्रिंग असते, ट्रॅक्टरच्या सीटसारखी दिसते, ती फटका घेते आणि परत माणसाला वर फेकते, तेवढ्यात दुसरी लाट. सीटवर बसून माणसाची उंची वाढते हे पण कुणी सांगत नाही, १८ फुटी होडीत एवढ्या उंचावर वजन नेऊन ठेवणं मला पटत नाही. वेळ बदल, स्पीड बदल, जागा बदल, गादी घाल, आणि एवढं करून एक सीझन काढ. तरी दुखत असेल तर सीट नको, डॉक्टर.

ट्रिम टॅब म्हणून मागे दोन हलणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या मिळतात त्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण सीट विकणारा दुकानदार विचारेल म्हणून सांगते, ते काम चांगलं करतात, नाळ खाली ठेवतात आणि होडी कमी स्पीडला उचललेली राहते. भविष्यात पैसे आले तर सीटच्या आधी हे. फक्त आपल्या खाडीतलं प्लास्टिक, दोऱ्या, फाटकी जाळी बघता मागे अडकायला अजून दोन जागा होतील, आणि चिखलात होडी ओढताना सांभाळावं लागेल. जायरो वगैरे कुणी सुचवलं तर दुर्लक्ष कर, ते आडवं डोलणं थांबवतं, आपटणं नाही.

दुसऱ्यांच्या बोटींची लाट राहिली. घारापुरीच्या लाँचा, ड्युटीच्या स्पीडबोटी, न्हावा-शेव्याला जाणारी जहाजं, त्यांची लाट शांत पाण्यात अचानक येते आणि म्हणूनच जास्त लोक त्यात लागतात, कुणी तयारच नसतं. लांबून दिसली की आधीच कमी कर, पंचेचाळीस अंशात घे, आणि मोठ्याने सांग "धरा, लाट येतेय". एवढं सांगितलं असतं तर त्या काकू रडल्या नसत्या बहुतेक. पाहुण्यांमध्ये गरोदर बाई, नुकतं ऑपरेशन झालेलं कुणी, हाडं ठिसूळ झालेल्या आजी असतील तर दुपारी नेऊच नकोस, पैसे परत दे. जोरात आपटलं की पाठीच्या खालच्या भागातला मणका पुढून दबून चेपतो, लहान वेगवान बोटींवर पुढे बसलेल्या पर्यटकांना हे झाल्याच्या केसेस बाहेरच्या देशांत नोंदलेल्या आहेत.

आणि पाहुण्यांकडून पैसे घेत असशील, तू "ओळखीचे" लिहिलंयस पण मी काय आज जन्मले नाही, तर प्रवासी नेण्यासाठी होडीची तपासणी आणि मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो, मच्छीमारीची नोंदणी त्याला चालत नाही. ते करून घे. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, फळीखाली कोंबलेली नाहीत. इंजिनाची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती तुझ्या मनगटाला, ती हँडलला गुंडाळून ठेवलेली मी प्रत्येक जेट्टीवर बघते आणि मला राग येतो, आपटून तू बाहेर पडलास तर फिरत्या पंख्याची होडी गोल फिरून तुझ्याच अंगावर येते.

बाबांना घरी कसं बसवायचं ते तू विचारलं नाहीस आणि मी पण सांगणार नाही, ते बसणार नाहीत. पण त्यांना "वय झालं" म्हणू नका. ही कामाची दुखापत आहे. युरोपात कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती हादरे बसू द्यायचे याचा २००२ पासून कायदा आहे, आठ तासांच्या सरासरीला १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या वर जायचंच नाही आणि ०.५ च्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे, आणि ब्रिटनच्या सागरी खात्याने लहान बोटींवरच्या धक्क्यांसाठी वेगळी सूचना काढलीय. आपल्या खलाशांच्या कमरा कुणी मोजल्या नाहीत एवढाच फरक. त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग की माणूस अजून होडीवर जातो आणि होडी आपटते, पेशंट स्वतः हे सांगत नाहीत, "थोडंफार काम करतो" म्हणतात. डॉक्टर म्हणाले तीन महिने बंद, तर तीन महिने बंद. आणि पायात मुंग्या वाढल्या, पाऊल उचलेनासं झालं, जांघेत-बैठकीच्या जागी बधिर वाटायला लागलं किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, मालिश करणारा नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला.

पिन बदलून झाली आणि कमीत कमी उचलायचा स्पीड सापडला की कळव, बाबा फळीवर बसलेले असताना आणि नसताना असे दोन्ही आकडे पाठव, त्यावरून टॅब लागतील का ते सांगते. होडीचा मागून एक फोटो पण टाक, जमिनीवर ओढलेली असताना, बुडाचा कोन दिसेल असा.